हॉटेल क्रम्पेटमधलं हसू

आर्डिस येणार आहे, हे मार्लिसने आईला सांगितलं ते आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी. तेही ओट्याकडे तोंड करून, म्हणजे आईचा चेहरा बघावा लागू नये.

"कोण येणार?" व्हर्नाने विचारलं. ऐकू स्पष्ट आलं होतं.

"आर्डिस मावशी. मी बोलावलंय. दुपारी विमान येतंय, ग्लेन आणायला जाईल. किती वर्षं झाली, आई. वेंडेलकाका जाऊनसुद्धा दोन वर्षं होतील. आता तरी सोडा की दोघींनी."

"वेंडेल तुझा काका नव्हता. दातांचा डॉक्टर होता."

"माणूस दोन्ही असू शकतो."

व्हर्नाने पुढचा बटाटा उचलला आणि इतका सोलला की सॅलडमध्ये घालायला फारसं काही उरलं नाही.

व्हर्ना सेडरक्विस्टच्या जिभेला अमेरिकेतल्या मोलीन गावातली निम्मी स्वीडिश वस्ती वचकून होती. उरलेल्या निम्म्या वस्तीला ती अजून भेटायची होती, एवढंच. मार्लिसच्या लहानपणीच नोकरीसाठी ॲरिझोनाला गेलेल्या आर्डिसने चाळिशी उलटून गेल्यावर, दोन बायकांना घटस्फोट दिलेल्या त्या दंतवैद्याशी लग्न केलं, तेव्हा मेजवानीत व्हर्ना शेजारणीच्या कानात म्हणाली होती, "दुसऱ्यांच्या तोंडात बघून पोट भरतो. याच्या स्वतःच्या तोंडात बघितलं असतं, तर आधीच्या दोघींनी याला नवरा कशाला केला असता?" शेजारीण ऐकायला कमी. म्हणून व्हर्नाला ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हणावं लागलं. नेमकी तेव्हाच बाजाची धून संपली. नवरदेवाने ऐकलं, नवरीनेही ऐकलं. दोघं ॲरिझोनाला परत गेली ती गेलीच. त्यानंतर दर नाताळला एक कार्ड यायचं. त्यावर छापलेल्या मजकुराखाली फक्त सही असायची.

पण आज व्हर्ना हबकली ती त्या भांडणामुळे नाही. भांडणाला ती घाबरत नव्हती. ती घाबरली होती बहिणीच्या हसण्याला.

बटाटे तसेच ठेवून ती तळघरात उतरली. तिचा नवरा एल्डन तिथे आपल्या कॅसेटच्या फळ्यांसमोर स्टूल टाकून बसला होता. ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो वरच्या मजल्यावर जेवायला आणि झोपायला येई, तेवढंच. टीव्ही घराघरात येण्याआधी रेडिओवर जे विनोदी कार्यक्रम व्हायचे, त्यांची ध्वनिमुद्रणं तो टपालाने मागवत असे. रविवारी चर्चहून आल्यावर जेवण, मग समोरच्या खोलीत सगळ्यांनी बसायचं आणि एल्डनने कॅसेट लावायची, हा त्या घरातला दुसरा धर्म होता. खरं तर पहिला, कारण त्यात कुणी पेंगत नसे. मार्लिसची मुलगी कॉरिन यावरच वाढली. कॉरिन आता वीस वर्षांची होती, आणि तिच्या जन्माआधीच मरून गेलेल्या माणसांचे विनोद तिला तोंडपाठ होते.

"एल्डन, ती येतेय."

"कोण?"

"हसणारी."

एल्डनने हातातली कॅसेट मांडीवर ठेवली. "अरे देवा."

"देवाला मध्ये आणू नकोस. खोटं तू बोललास."

"आणि तू गप्प बसलीस."

"गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तो गुन्हा माझ्या नावावर कसा धरणार?"

ते खोटं असं होतं. 'हॉटेल क्रम्पेट' नावाचा एक कार्यक्रम शिकागोहून थेट, समोर प्रेक्षक बसवून, प्रसारित व्हायचा. पडक्या हॉटेलचा चिक्कू मालक मिस्टर क्रम्पेट आणि त्याची गांजलेली गिऱ्हाइकं. त्यातल्या एका भागात तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा गरम पाणी मागतो, क्रम्पेट नळ सोडतो आणि भिंतीतला पाइप घरघरायला लागतो. चांगला लांबलचक घरघरतो. मग क्षणभर शांतता. क्रम्पेटने अजून तोंड उघडलेलं नाही आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून एकटीच एक बाई हसते. हसते म्हणजे काय, आधी बिजागरी करकरल्यासारखा बारीक सूर, मग कोंबड्यांच्या खुराड्यात कुत्रा शिरावा तसा कल्लोळ, आणि शेवटी नाकातून एक फुर्रकन आवाज. मिस्टर क्रम्पेटचं काम करणारा नट कागद सोडून तिला म्हणतो, "बाई, थांबा. विनोद अजून पुढे आहे." त्यावर अख्खं सभागृह कोसळतं आणि पुढचा खरा विनोद कुणाला ऐकूच येत नाही.

त्या दिवशी एल्डन स्वतः तिथे होता, आणि ती हसणारी बाई होती आर्डिस. ही कॅसेट टपालाने आली तेव्हा कॉरिन पाच वर्षांची होती, आणि आजीला इतकी टरकून असे की आजी खोलीत आली की ती सोफ्यामागे जायची. ते हसणं ऐकून ती सोफ्यामागूनच म्हणाली, "ही कोण?"

आर्डिसचं नाव घरात काढायचं नाही असा तेव्हा नियम होता. एल्डनने व्हर्नाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "ही ना? ही तुझी आजी."

व्हर्ना त्याची सालपटं काढायला तोंड उघडणार, एवढ्यात कॉरिन सोफ्यामागून निघाली, तिच्यापाशी आली, तिचा चेहरा नीट न्याहाळला आणि मांडीवर चढून बसली. त्याआधी कुठलंही पोर आपण होऊन तिच्या मांडीवर बसलं नव्हतं. तिचं स्वतःचंही नाही. व्हर्नाने तोंड मिटलं.

तेव्हापासून ते हसणं तिचं झालं. एरवी जिच्या ओठांची रेघ वाकत नाही ती बाई तरुणपणी अशी हसत होती, यावर नातवंडं फिदा होती. घरात कुणी वेळेआधी हसलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "बाई, थांबा. विनोद अजून पुढे आहे," आणि तिच्याकडे बघायचे. आजीला विनोद इतरांच्या आधी कळतो, असं एल्डन सांगे. व्हर्ना भुवया उंचावून गप्प राही. लोकांना ते फारच मिस्कील वाटे.

"सोपं आहे," व्हर्ना तळघरातल्या दिव्याखाली म्हणाली. "दोन दिवस आर्डिसला हसू द्यायचं नाही. हसली की संपलं. घरातलं शेंबडं पोरसुद्धा तो आवाज ओळखेल."

"आर्डिसला हसू द्यायचं नाही? तुझ्या आईच्या शवपेटीला जिन्यात धक्का लागला तेव्हासुद्धा ती हसली होती. पेटी तिच्याच खांद्यावर होती."

"म्हणून तर सांगतेय. तू आज-उद्या एकही विनोद करू नकोस."

"मी कधी करतो?"

"तेही खरंच. पण प्रयत्नसुद्धा करू नकोस."

वर येताना तिने ती कॅसेट ॲप्रनच्या खिशात घातली आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली दडवली.

दुपारी ग्लेनची गाडी आली. मार्लिसचा नवरा ग्लेन हा भला माणूस, पण त्याच्या हातापायांचं एकमेकांशी पटत नसे. पाहुणीची बॅग उचलून तो मागे सरकला, पाण्याच्या नळीत पाय अडकला आणि बॅगेसकट झेंडूच्या वाफ्यात बसला. बॅग उघडली. आर्डिसच्या आतल्या कपड्यांपैकी एक नग उडून त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसला.

व्हर्नाने डोळे घट्ट मिटले आणि वाट पाहिली.

"लागलं का हो तुम्हाला?" असा एक शांत आवाज आला.

तिने डोळे उघडले. आर्डिस वाकून कपडे गोळा करत होती. तिचे खांदे आत गेले होते. पूर्वीची भरलेली बाई आता कोटाच्या हँगरसारखी दिसत होती.

"व्हर्ना," ती म्हणाली.

"आर्डिस. विमानात काही खायला दिलं का?"

"शेंगदाणे."

"तेवढ्यासाठी एवढ्या उंच कशाला जायचं," व्हर्ना बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण आर्डिसने फक्त मान डोलावली, जणू तो एक रास्त प्रश्न होता.

संध्याकाळभर तसंच. एल्डन घाबरून इतका गंभीर झाला की मार्लिसने त्याचा ताप पाहिला. ग्लेनने जेवताना दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यातली दुसरी खरोखर मजेशीर होती. आर्डिस ओठ ताणून "छान" म्हणाली आणि लवकर झोपायला गेली. योजना उत्तम चालली होती. भांडी विसळताना व्हर्नाला जाणवलं की आपल्याला ती योजनाच आवडत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात टेबलं लागली. हॅम, बटाट्याचं सॅलड, वेलचीचा पाव, आणि गाजराचा कीस घातलेली ती हिरवी जेली, जी प्रत्येक समारंभाला असते आणि कुणी खात नाही. चर्चमधली मंडळी आली. व्हर्नाने आर्डिसला पास्टर हाउगेन यांच्या शेजारी बसवलं होतं. नदीच्या दोन्ही काठांवर त्यांच्याइतका रटाळ माणूस नव्हता. शिवाय ते नॉर्वेजियन होते. स्वीडिश लोकांच्या चर्चला नॉर्वेजियन पास्टर मिळणं ही गोष्ट मंडळींनी ख्रिस्ती सोशिकतेने घेतली होती.

जेवणं उरकत आली तेव्हा कॉरिन खिडकीतून स्पीकर बाहेर काढताना दिसली. व्हर्ना झटकन तिच्यापाशी गेली.

"कसली कॅसेट लावतेस?"

"आजी, हे काय विचारणं झालं? आजच्या दिवशी दुसरी कुठली लावणार?"

"ती सापडत नव्हती ना?"

"आजोबांची हरवलीय. माझ्याकडे नक्कल आहे. वसतिगृहात मुलींना ऐकवते मी. सगळ्या तुझ्या भक्त आहेत."

आणि तिने बटण दाबलं.

पाइप घरघरला. शांतता झाली. मग अंगणभर ते हसू उसळलं, करकर, कल्लोळ, फुर्र. तीसएक माणसं एका दमात ओरडली, "बाई, थांबा. विनोद अजून पुढे आहे." टाळ्या पडल्या, सगळ्या माना व्हर्नाकडे वळल्या. व्हर्नाची मान एकाच दिशेला वळली होती.

आर्डिसच्या हातातला काटा जेलीच्या वर अधांतरी थांबला होता. कित्येक वर्षांपूर्वी हरवलेला माणूस रस्त्यापलीकडून जाताना दिसावा, तसं ती स्पीकरकडे पाहत होती. मग तिने सगळ्यांच्या नजरा कुठे गेल्यात ते पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. तिला कळलं. आर्डिस हसरी होती, मठ्ठ कधीच नव्हती.

"आर्डिसआजी," कॉरिनने तिच्या गळ्यात हात टाकला, "आमची आजी खरंच अशी हसायची? आम्ही कधी ऐकलंच नाही. फक्त कॅसेटमध्ये."

एल्डन उठून तळघराच्या दाराकडे सरकू लागला.

"हो तर," आर्डिस म्हणाली. "लहानपणापासून. आमच्या कोंबड्या दचकून अंडी द्यायच्या बंद व्हायच्या."

अंगण हसलं. एल्डनने छातीवर हात ठेवला. व्हर्ना वळून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कॉफीचं भांडं आदळलं. मागोमाग आर्डिस रिकामी ताटं घेऊन आली.

"खोटं का बोललीस?" व्हर्नाने विचारलं.

"तुला खरं हवं होतं?"

"मी तयारीत होते. तू सगळ्यांसमोर माझं नाक कापशील, मग मी तुला काहीतरी बोलेन, मग तू विमानतळावर जाशील. सगळं ठरलं होतं माझं."

आर्डिसने ताटं मोरीत ठेवली. "कधीपासून चाललंय हे?"

"कॉरिन लहान होती तेव्हापासून. एल्डनने सांगून टाकलं. ती येऊन मांडीवर बसली माझ्या. मग मी काय तिला खाली उतरवून सांगू, की नाही बाई, ती तुझ्या आजीची बहीण, जिच्याशी आजी बोलत नाही?"

"बरोबर केलंस. राहू दे तुझ्याकडे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे मला त्याचा काही उपयोग नाही." आर्डिसने नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरले. "वेंडेल गेल्यापासून मी हसलेली नाही, व्हर्ना. रडून झालं, तेही थांबलं. हसू परत आलं नाही. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम लावून बसते. विनोद कळतो मला, पण आत काही हलत नाही. मघाशी तो आवाज ऐकला तेव्हा मलाच वाटलं, कोण ही मुलगी, किती मजेत आहे. म्हणून म्हटलं, तुझी तर तुझी."

व्हर्नाने नळ बंद केला. काल वाफ्यात बसलेला ग्लेन, डोक्यावर ती टोपी, आणि ही म्हणते लागलं का. आर्डिसचं तोंड बंद राहावं म्हणून दोन दिवस स्वतः केलेली धडपड तिला आठवली आणि आपलीच लाज वाटली. लाज वाटली की तिला राग येत असे. तशी रीतच होती.

"माझ्या स्वयंपाकघरात असलं दान चालायचं नाही," ती म्हणाली आणि ॲप्रन काढून तरातरा बाहेर गेली.

तिने चमचा पेल्यावर वाजवला. मंडळींना वाटलं आभाराचं भाषण.

"ते हसणं माझं नाही," व्हर्ना म्हणाली. "आर्डिसचं आहे. शिकागोला ती गेली होती, मी नव्हते. एल्डनने थाप मारली आणि मी ती वापरली. कॉफी आत आहे, ज्याची त्याने घ्या."

कुणी कॉफीला उठलं नाही.

पहिली बोलली मार्लिस. "म्हणजे बाबांबरोबर शिकागोला आर्डिस मावशी गेली होती? दोघंच?"

"दोघंच नाही," तळघराच्या दारातून एल्डन म्हणाला. "आगगाडीत इतर माणसं होती."

"आणि आई कुठे होती?"

"आई तुला पोटात घेऊन पलंगावर पडली होती," व्हर्ना म्हणाली. "नाताळाआधीचा कार्यक्रम तो. दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी गाडीत बसायची बंदी केली. एल्डन तिकिटं फाडून टाकतो म्हणाला, मी म्हटलं आर्डिसला ने. इतकी वर्षं तुम्ही सगळे कॅसेटवर तारीख ऐकताय, तुझा वाढदिवस दरवर्षी करताय, एकालाही साधा हिशेब जमला नाही. तुझ्या शिक्षणाचे पैसे पाण्यात गेले म्हणायचे."

मार्लिसच्या चेहऱ्यावर मात्र दुसराच हिशेब चालला होता. "बाबा, बायको बाळंतपणाला टेकलेली आणि तुम्ही मेव्हणीला घेऊन शिकागोला."

"जाताना ती सबंध रस्ता बोलत होती," एल्डन म्हणाला, "आणि येताना सबंध रस्ता ओकत होती. स्टेशनवर तिने कालवं खाल्ली होती. तू म्हणतेस तसलं काही सुचायला तिथे वावच नव्हता, बाळ."

"कोट त्याचाच होता," आर्डिस मागून म्हणाली. "ज्यात ओकले तो."

"नवा होता," एल्डन म्हणाला.

मार्लिस मिनिटभरापूर्वी आईच्या बाजूने बापावर तुटून पडणार होती. आता तिला बापाची दया येऊ लागली आणि तिने आपला मोर्चा आईकडे वळवला. "आणि तू आम्हाला इतकी वर्षं फसवलंस."

"फसवलं," व्हर्ना म्हणाली. ती मार्लिसशी बोलत होती, पण डोळे कॉरिनवर होते.

कॉरिन स्पीकरच्या तारेशी चाळा करत उभी होती. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना आता ती काय सांगणार, असं काहीतरी व्हर्नाला वाटलं. पण पोरीने विचारलं ते वेगळंच.

"आजी, मग तू कधी हसलीस?"

व्हर्नाने पेल्यावर वाजवलेला चमचा टेबलावर ठेवला.

"मी हसवते," व्हर्ना म्हणाली. "दोन्ही कामं एकाच बाईने का करायची?"

कॉरिनचा चेहरा हलेना. राग होता की दुःख, ते व्हर्नाला कळेना. कॉरिन पास्टरांशेजारच्या खुर्चीकडे वळली, जिथे आर्डिस येऊन बसली होती.

"आर्डिसआजी, एक सांग. तू विनोदाआधीच का हसलीस? आजोबा म्हणायचे, आजीला विनोद सगळ्यांच्या आधी कळतो. तुला कळला होता?"

"छे. विनोदाकडे माझं लक्षच नव्हतं." आर्डिसने कपाळ चोळलं. "तो पाइप घरघरला ना, आणि मला गुन्नारमामाचं पोट आठवलं."

"कुणाचं काय?"

"आमचा मामा. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचा. प्रवचन लांबलं की त्याच्या पोटात अस्संच घरघरायचं. सगळं चर्च ऐकायचं, पण कुणी ऐकल्यासारखं करायचं नाही. एकदा असंच झालं, चांगलं लांबलचक, मग शांतता. आणि तुझी आजी माझ्या कानात म्हणाली..." ती थांबली. "व्हर्ना, तुला आठवतं काय म्हणाली होतीस?"

"मी दर रविवारी काहीतरी म्हणायचे."

"तू म्हणालीस, 'ऐक. देव बोलतोय. पण नॉर्वेजियनमध्ये.'"

कुणीतरी खोकलं. मग सगळ्यांच्या नजरा, थांबवता न आल्यासारख्या, पास्टर हाउगेन यांच्याकडे गेल्या. पास्टरांनी रुमालाने तोंड पुसलं.

"शक्य आहे," ते म्हणाले. "माझ्या आईची तर खात्रीच होती."

"मग पास्टर," व्हर्ना म्हणाली, आणि हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नाही, ते तिच्या तोंडातून आपलं आपण गेलं, "तुमच्या प्रवचनापेक्षा मामाचं पोट आम्हाला जास्त का समजायचं?"

आधी कुठेतरी बिजागरी करकरली. पास्टरांना वाटलं खुर्ची मोडतेय, म्हणून ते अर्धवट उठले. आर्डिस दोन्ही हातांनी टेबल धरून वाकली होती आणि तिच्या पाठीत काहीतरी हलत होतं. मग खुराड्यात कुत्रा शिरला. शेजारच्या अंगणातलं खरंखुरं कुत्रं भुंकायला लागलं. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, श्वास घ्यायला ती मान वर करायची, पास्टर दिसायचे आणि पुन्हा खाली जायची. ते नाकातलं फुर्र आलं तेव्हा हिरवी जेली थरथरली.

कॉरिन हसत सुटली, मग ग्लेन, मग इतर. मार्लिस हसायचं नाही असं ठरवून बसली होती, ती सगळ्यात जास्त हसली. पास्टर हाउगेन उभ्यानेच शांतपणे म्हणाले, "हे मी पुढच्या रविवारी वापरू शकतो का?" आणि आर्डिस खुर्चीवरून गवतावर घसरली.

व्हर्ना हसली नाही. ती बहिणीजवळ गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे आता त्या कामाचे राहिले नव्हते. तिने आर्डिसचं डोकं मांडीवर घेतलं, कारण मध्येच कधीतरी ते हसणं हसणं राहिलं नव्हतं आणि आर्डिस तिच्या ॲप्रन नसलेल्या, चांगल्या निळ्या पोशाखात तोंड खुपसून वेंडेलचं नाव घेत होती. कॉरिन पलीकडून येऊन टेकली. आजीला ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आजीच्या दंडाला धरलं, तिला उठायला आधार लागणार होता म्हणून.

पाहुणे पांगायला संध्याकाळ झाली. प्रत्येकाने जाताना सांगितलं की असा समारंभ त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा ते त्यांनी घरच्यांवर सोडलं.

सकाळी व्हर्ना स्वयंपाकघरात आली तेव्हा आर्डिस आधीच टेबलाशी बसली होती, अंगावर एल्डनचा जुना स्वेटर. विमान दुपारचं होतं. व्हर्नाने कॉफी ओतली, कालच्या वेलचीच्या पावाचे दोन तुकडे मध्ये ठेवले आणि समोर बसली. 

"वेंडेलबद्दल सांग," व्हर्ना म्हणाली.

आर्डिसने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "काय सांगू?"

"काहीही. मी त्याला ओळखलंच नाही. एकदाच बोलले, तेही त्याच्याशी नाही."

आर्डिसने कप दोन्ही हातांत धरला. "विनोदी नव्हता तो," ती म्हणाली. "त्याला विनोद समजवून सांगावा लागायचा. सांगितला की विचार करायचा आणि म्हणायचा, हो, हे बरोबर आहे. मला फार आवडायचं ते. आणि आम्ही भेटलो कसे, माहितीये? मी दाढ दुखते म्हणून गेले होते, त्याच्या दवाखान्यात. त्याने माझा चुकीचा दात काढला."

व्हर्नाच्या जिभेवर एक वाक्य आलं. नेमकं होतं, आखूड होतं, आणि गेल्या कित्येक वर्षांत तिला इतकं चांगलं वाक्य सुचलं नव्हतं. तिने कप उचलला आणि कॉफीच्या मोठ्या घोटाबरोबर ते गिळून टाकलं.

"मग?" ती म्हणाली.